आईला तीन तोंडं, आणि फुगडीचा एकही फोटो धड नाही

माझी भाची अकरावीसाठी आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आलीय, आणि आल्यापासून तिने माझी सगळी कपाटं उचकून झाली आहेत. त्यात तिला सापडला माझा जुना कॅमेरा. कॅननचा पॉवरशॉट ए ५९०, २००८ चा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. मी तो भंगारात द्यायचा म्हणून दिवाळीपासून बाजूला काढून ठेवला होता, आणि ही बया किंचाळली, "मावशी, डिजिकॅम!!" हल्ली म्हणे कॉलेजमधल्या सगळ्यांना असलेच कॅमेरे पाहिजेत, मोबाइलचा फोटो फार गुळगुळीत येतो म्हणून. घे बाई, म्हटलं, सेल तेवढे नवीन घाल.

कॅमेऱ्याबरोबर जुन्या सीड्यांचा डबापण निघाला आणि त्यात एक सीडी निघाली, माझ्याच अक्षरात, 'मंगळागौर २००९'. म्हणजे हिच्या आईची पहिली मंगळागौर, चिपळूणला तिच्या सासरी. हिने ती कुठून तरी ड्राइव्ह आणून कॉम्प्युटरवर लावली आणि दहा मिनिटांनी आतून हाक, "मावशी, आईला तीन तोंडं आहेत."

होती खरी. एकशेबारा फोटोंमधले फुगडीचे असतील चाळीसेक, त्यातल्या एकातही चेहरा धड नाही. एक स्वच्छ चेहरा, त्याच्या बाजूला एक पुसट चेहरा, मग नुसताच पिवळा फराटा. झिम्म्याचे तर काय विचारूच नका, साड्यांचं वादळ आल्यासारखं दिसत होतं. मी सवयीने म्हटलं, हात हलला असेल गं माझा. सगळे तेच म्हणतात ना, फोटो हलला की हात हलला. पण मग मी त्या फोटोंवर राइट क्लिक करून आतली माहिती बघितली (कॅमेरा प्रत्येक फोटोत ती लिहून ठेवतो, शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ किती म्हणजे आत आलेला उजेड किती वाढवून घेतला, फ्लॅश उडाला की नाही) आणि तिथे लिहिलं होतं शटर १/८ सेकंद. मग आठवलं, रात्र होती म्हणून मी रात्रीचा मोड लावला होता. साधं सरळ लॉजिक! रात्र आहे, रात्रीचा मोड. कॅमेऱ्याचा काही दोष नाही, अकलेचा होता.

तर हे सगळं नीट सांगते कारण भाचीच्या मैत्रिणीसुद्धा हेच करतायत आणि सगळ्यांचे घरातले फोटो तसेच फराट्याचे येतायत. (काही जणी ते मुद्दाम करतात, स्टाइल म्हणून, त्यांचं वेगळं.)

रात्रीच्या मोडमध्ये होतं काय, की कॅमेरा फ्लॅश पण मारतो आणि शटर पण बराच वेळ उघडं ठेवतो, मागचा उजेडही यावा म्हणून. माणूस पुतळ्यासारखं उभं असेल तर फोटो छान येतो, मागे लायटिंग वगैरे दिसते. पण माणूस हलत असेल तर फ्लॅशने त्याचा एक पक्का ठसा उमटतो, आणि उरलेल्या वेळात ट्यूबलाइटच्या उजेडात त्याचा दुसरा तिसरा पुसट ठसा उमटत राहतो. झाली तीन तोंडं.

फुगडीचा हिशोबच करून बघा ना. दोघी मागे रेलून फिरतात तेव्हा डोकं मधल्या बिंदूपासून दोन-सव्वादोन फुटांवर असतं, म्हणजे एका गिरकीत डोकं साधारण चार मीटर फिरतं, आणि चांगली जोडी असेल तर सेकंदाला एक गिरकी सहज. १/८ सेकंदात डोकं अर्धा मीटर गेलेलं असतं. अर्धा मीटर! १/६० ला सात सेंटीमीटर. आणि या छोट्या कॅमेऱ्यांचा फ्लॅश मुळात पेटून विझतो तो १/१००० सेकंदाच्या आसपास, किंवा त्याहून लवकर. तेवढ्यात डोकं हलतं चार मिलिमीटर, म्हणजे नथीतला मोतीसुद्धा जागच्या जागी दिसायला हवा.

म्हणजे गंमत अशी की अंधाऱ्या खोलीत फोटो 'गोठवतो' तो फ्लॅश, शटर नाही. अमेरिकेत एमआयटीमधले प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन होते, त्यांनी दुधाचा थेंब पडल्यावर उडणारा मुकुटासारखा आकार फोटोत पकडला, १९५७ चा तो रंगीत फोटो तुम्ही पाहिला असेल, तोही असाच, अगदी क्षणभराच्या झगमगाटावर. त्यांची यंत्रं कुठे आणि आपला पेन्सिल सेलवाला कुठे, पण तत्त्व तेच. फ्लॅश सोडून दुसरा उजेड फोटोत शिरू द्यायचा नाही, की फोटो हलत नाही. माझ्या २००९ च्या फोटोंमध्ये मी नेमका दुसऱ्या उजेडाला बोलावून पाट मांडून बसवला होता.

तर या श्रावणात माझ्या धाकट्या जावेच्या सुनेची मंगळागौर होती, बदलापूरला, आणि भाची म्हणाली आपण याच कॅमेऱ्याने काढायचे. मी म्हटलं चल, सतरा चुका माझ्या करून झाल्यात, अठरावी तू कर.

आदल्या दिवशी घरीच प्रॅक्टिस केली. पहिलं म्हणजे डायल ऑटोवरून पी वर आणली (त्यात शटर कॅमेराच ठरवतो, पण आयएसओ, फ्लॅश आपल्या हातात). आयएसओ ऑटोवर असेल तर कॅमेरा अंधार बघून घाबरतो आणि आयएसओ वर चढवतो. त्याने दोन घोटाळे होतात. एक म्हणजे दाणे येतात, आणि ते दाणे पुसायला कॅमेरा आतल्या आत फोटो सारवतो, मग केस, पापण्या, पैठणीची बुट्टी सगळं मेण लावल्यासारखं दिसतं आणि आपण म्हणतो फोकस गेला. फोकस नसतो गेलेला, सारवण झालेलं असतं. दुसरा घोटाळा म्हणजे आयएसओ ८०० वगैरे झाला की ट्यूबलाइटचा उजेडपण फोटोत येण्याइतका मोठा होतो, आणि परत पुसट तोंडं सुरू. म्हणून आयएसओ २०० वर पक्का करून टाकला. १०० वर अजून स्वच्छ येतं पण फ्लॅश मग फार लांब पोचत नाही.

आणि पोचणं हाच तर या कॅमेऱ्यांचा खरा प्रॉब्लेम आहे. मॅन्युअलमध्ये मागच्या पानांवर फ्लॅशची रेंज दिलेली असते, असल्या कॅमेऱ्यांची साधारण तीन-चार मीटर, तीही झूम न करता, आणि बऱ्याचदा ऑटो आयएसओ धरून. लोक मात्र वीस फुटांवरून स्टेजवरच्या नवरानवरीचा फ्लॅश मारून फोटो काढतात, समोरच्या रांगेतल्या काकांचं टक्कल तेवढं उजळतं. उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, एक मीटरवर जेवढा पडतो त्याच्या पाव दोन मीटरवर, चार मीटरवर सोळावा हिस्सा. पंगतीचा फोटो आठवा. पंगतीच्या टोकाला उभं राहून काढलेला, सगळ्यांच्या अल्बममध्ये असतो. पहिल्या पानावरचा भात आणि पहिल्या पाहुण्याचं नाक पांढरंफटक, पाचव्या पानापर्यंत ठीक, पुढे सगळे काळोखात जेवतायत. त्याला सेटिंग काही करू शकत नाही. पंगतीच्या समोर, मध्यावर उभं राहायचं, चार-पाच जणांचा एक असे तुकड्यांनी काढायचे. ग्रुप फोटोलासुद्धा तेच, तीन रांगा एकामागे एक लावण्यापेक्षा अर्धगोलात उभं केलं की सगळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतात.

आता झूम. भाचीचा हात सारखा झूमवर. तिला म्हटलं या लेन्सचं तोंड झूम न करता एफ २.६ एवढं उघडतं आणि पूर्ण झूमवर फक्त ५.५. म्हणजे झूम केलास की आत येणारा उजेड चौथ्या हिश्शापेक्षाही कमी, फ्लॅशची पोच निम्म्याहून कमी, वर हाताची थरथरपण चौपट मोठी दिसणार. त्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. फार नाही हं, तोंडाजवळ नेलास तर नाक मोठं दिसतं आणि चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा होतो. चार ते सात फूट, एवढं धरून ठेव.

रेड आय बंद केलं. हे ऐकून तिला नवल वाटलं, कारण ते तर चांगलं असतं ना? डोळे लाल येऊ नयेत म्हणून कॅमेरा आधी एक दिवा किंवा बारीकसा फ्लॅश लावतो, बुबुळ आकसावं म्हणून, आणि मग एखाद्या सेकंदाने खरा फ्लॅश. पण आपल्याकडे काय होतं, पहिला उजेड पडला की सगळ्यांना वाटतं झाला फोटो! हसू संपतं, माना वळतात, कोणीतरी "काढला का?" विचारायला तोंड उघडतं, आणि नेमका तेव्हा खरा फ्लॅश उडतो. आमच्या घरातले अर्धे ग्रुप फोटो हे फोटो झाल्यानंतरचे फोटो आहेत. त्यापेक्षा खोलीतले सगळे दिवे लावून ठेवा, त्याने बुबुळं आपोआप थोडी लहान होतात, आणि लोकांना लेन्सच्या किंचित बाजूला बघायला सांगा.

बटण दाबणं तर शिकवावंच लागलं तिला, मोबाइलवाल्या मुलांना हे माहीतच नसतं. आधी अर्धं दाबायचं आणि थांबायचं, कॅमेरा टुकटुक वाजतो, हिरवी चौकट येते, मग उरलेलं अर्धं. एकदम खाडकन दाबलं तर तो फोकस शोधत असतानाच आपला क्षण निघून जातो. आणि फोकस शोधायला त्याला काहीतरी गडद-फिकं लागतं. पांढरी भिंत, एकरंगी झब्बा यावर ठेवलंत तर बिचारा लेन्स पुढे-मागे करत बसतो आणि चौकट पिवळी. साडीचा काठ, कुंकू, चष्म्याची काडी, असं काही चौकटीत धरलं की लगेच मिळतो.

प्रत्यक्ष मंगळागौरीत हॉल होता दहा बाय पंधरा, सोफा बेडरूममध्ये ढकललेला, एका कोपऱ्यात गौर, पत्रीचा नुसता डोंगर, आणि बायका तीस. पूजा चालू असताना मी भाचीला फ्लॅश बंद करायला लावला. समईवर फ्लॅश मारला की ज्योत जाते आणि मागची फरशी उरते, आणि चांदीच्या अन्नपूर्णेवर सरळ मारला तर ती एक पांढरा ठिपका होऊन बसते. पूजेच्या सामानाचा रिकामा डबा पालथा घातला, त्यावर कॅमेरा, दोन सेकंदांचा टायमर, कोणीही हात लावायचा नाही. गौर कुठे पळून जात नाही, शटर अर्धा सेकंद उघडं राहिलं तरी चालतं. सुंदर आला तो.

मग रात्री खेळ सुरू झाले. तेव्हा डायल फिरवून टीव्ही वर (म्हणजे शटर आपण ठरवायचं तो मोड, टेलिव्हिजनशी काही संबंध नाही) आणि शटर १/२५०. मोठ्या कॅमेऱ्यांना फ्लॅशबरोबर साधारण १/२०० किंवा १/२५० च्या पुढे जाता येत नाही, त्यांचा पडदा आडवा येतो, पण या छोट्यांची शटरं वेगळ्या पद्धतीची असतात, त्यांना त्याचं काही वाटत नाही. ज्यांच्या कॅमेऱ्यात हा मोड नाही त्यांनी साधा फ्लॅश ऑन ठेवावा आणि रात्रीचा मोड, स्लो सिंक असलं काही लावू नये, मग कॅमेरा आपोआप १/६० च्या आसपास जातो आणि आयएसओ कमी असेल तर तेवढं पुरतं. १/२५० ला ट्यूबलाइट फोटोत जवळजवळ नाहीच, फक्त फ्लॅश. तोटा एवढाच की मागची भिंत काळी, गुहेत फुगडी चालल्यासारखी. मला चालतं. भाचीला तर तेच आवडलं.

भाचीला एका जागी उभं केलं, फुगडीपासून सहा-सात फुटांवर, स्टुलावर नाही, खालीच, थोडं वाकून. फुगडी सुरू झाल्यावर फोकस करायला गेलीस तर कधीच मिळणार नाही, म्हटलं, म्हणून दोघी हात धरून उभ्या असतानाच पलीकडच्या बाजूच्या, आपल्याकडे तोंड असलेल्या बाईच्या पदराच्या काठावर अर्धं बटण दाब आणि तसंच धरून ठेव, सोडायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. फुगडी जागच्या जागी फिरते, त्यामुळे पलीकडे जाऊन आपल्याकडे वळणारा चेहरा दर वेळी त्याच अंतरावर येतो. चेहरा आपल्याकडे वळायच्या एक केसभर आधी पूर्ण दाब, कारण बोट दाबल्यापासून फोटो निघेपर्यंत हा जरासा वेळ खातोच.

पहिल्या चार वेळा पाठमोरे अंबाडे आले. पाचव्याला आली सूनबाई, समोरून, डोळे मिटलेले, तोंड हसून उघडं, वेणीतला गजरा सुटून हवेत, एक एक कळी वेगळी दिसतेय, आणि नथीचा खालचा मोती गालाला टेकलेला. भाची नाचायलाच लागली. मी म्हटलं आधी मोठा करून बघ. कारण या कॅमेऱ्याचा स्क्रीन अडीच इंची, त्यात ठिपके लाखभर, आणि फोटोत ऐंशी लाख. त्या स्क्रीनवर जगातला कुठलाही फोटो शार्पच दिसतो. २००९ ला मी याच स्क्रीनवर बघून सगळ्यांना "मस्त आलेत" सांगितलं होतं. बहिणीला अजून आठवतंय ते. तिने मोठा करून बघितला. पापण्या मोजता येत होत्या.

मग फ्लॅश रुसला. सलग सात-आठ मारले की सेल दमतात, फ्लॅश भरायला आठ-दहा सेकंद घेतो, नारिंगी दिवा लुकलुकत बसतो आणि बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही. पिंगा अर्धा होऊन जातो तोवर. किराणा दुकानातले साधे सेल यात घालूच नका, चार्जिंगचे घ्या, दोन हजाराच्या वरचे एमएएचवाले (सेलात वीज किती मावते त्याचा तो आकडा), आणि दोन आत तर दोन पर्समध्ये. एकेकाची वाट बघून मारायचा, मशीनगनसारखं नाही.

जिथे घोळ झाला तेही सांगते. भाचीने कुठे तरी बघून फ्लॅशवर टिश्यू पेपर चिकटवला होता, उजेड मऊ होतो म्हणे. नाही होत, नुसता कमी होतो. फ्लॅशची खिडकी बोटाच्या नखाएवढी, तिला कागद लावला तरी ती नखाएवढीच राहते, भिंतीवरची सावली तशीच कडक. सावली नको असेल तर माणसाला भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ओढा. आणि हळदीकुंकवाचं पांढरं कार्ड फ्लॅशपुढे तिरकं धरून छताकडे उजेड उडवायचा प्रकारही केला, छत जवळ आणि पांढरं असेल तर थोडं जमतं पण आयएसओ एवढा वाढवावा लागतो की परत सारवण. आरशाच्या कपाटाकडे तोंड करून एक फोटो काढला त्यात फक्त सूर्य आला. आणि मध्ये एकदा सगळेच फोटो धुरकट, बघते तर लेन्सवर तुपाचं बोट, कोणीतरी करंजी खाता खाता कॅमेरा हातात घेतलेला. जुन्या मऊ साडीचा तुकडा मी त्यासाठीच बरोबर ठेवते.

रात्री दीड-दोनला कोणीतरी सतरंजी झटकली, आणि त्याच वेळी उदबत्त्याही चालू, तेव्हाच्या एका फोटोत गौरीभोवती पांढरे पांढरे गोल आले, आठ-दहा, काही मोठे काही छोटे, आतून उजळलेले. फ्लॅश आणि लेन्स या कॅमेऱ्यांत अगदी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे लेन्सच्या पुढे वीतभर अंतरात उडणारी धूळ भसकन उजळते, आणि इतकी जवळ असल्यामुळे तिचा फोकस होत नाही, म्हणून कणाचा गोळा दिसतो. आमच्या आत्यांना वाटलं गौरच प्रकटली, म्हणून हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं, सतरंजी परत झटकून दुसरा फोटो काढून दाखवला, त्यातही आले गोळे.

आत्या म्हणाल्या, बघ, दोनदा आली.

सूनबाईने फुगडीचा फोटो स्टेटसला ठेवलाय. आत्यांना गोळेवाला पाहिजे, आठ बाय बाराचा, लॅमिनेट करून, आणि तो करायला उद्या मलाच स्टेशनला जायचंय.